गलक्यात नाव घ्यायचं नाही

सिनेमातलं हॉटेल डोळ्यांपुढे आणा. पुढच्या टेबलावर हिरो आणि हिरॉईन, मागे भरलेली वीस-पंचवीस टेबलं. माणसं खातायत, हसतायत, एकमेकांच्या कानाला लागतायत. ती मागची माणसं एक अक्षर बोलत नसतात बरं का. नुसते ओठ हलवतात. आवाज केला तर हिरोचं वाक्य बुडेल आणि दिग्दर्शक अंगावर धावून येईल. त्यांचं बोलणं नंतर आम्ही भरायचो. हॉलिवूडशेजारच्या बरबँकमधल्या एका बिनखिडकीच्या खोलीत, एका माईकभोवती गोल गोल फिरत, आम्ही सहा जण. लग्नातली गर्दी आमची, घोड्यांच्या शर्यतीतली आमची, कोर्टातली कुजबुज आमची. रोमच्या बादशहाचा जयजयकार करणारी लाखभर प्रजासुद्धा आम्हीच होतो, आणि त्या दिवशी आमच्यातल्या दोघांना सर्दी झाली होती.

या कामाला आम्ही गलका म्हणायचो. मी लव्हॉन पिकेट, उभा जन्म गलक्यात घालवला. आता पाय सुजतात, घसा बसतो आणि लोक विचारतात, "म्हणजे मोठमोठ्या नट्या जवळून पाहिल्या असशील!" कसलं डोंबल! आम्ही नट्या पाहिल्या त्या पडद्यावर, आणि त्याही आवाज बंद करून. हिरोने चुंबन घेतलं की जो आवाज ऐकून तुमच्या पोटात गुदगुल्या होतात ना, तो आमच्या सॉलने स्वतःच्या मनगटाचा काढलेला असतो. खलनायकाची मान मोडते तेव्हा कुणीतरी माईकपाशी सेलरीचा दांडा मोडतो. हे एकदा कळलं की सिनेमा बघण्यात काही राम राहत नाही. मी कित्येक वर्षांत तिकीट काढलेलं नाही.

गलक्याला एक नियम होता. शब्द कळता कामा नये, आणि नाव तर मुळीच घ्यायचं नाही. एकदा एका नव्या बाईने रेल्वे स्टेशनच्या प्रसंगात झोकात "हॅलो, चार्ली!" म्हणून टाकलं. झालं! आता प्रेक्षक हिरॉईनला सोडून गर्दीत चार्लीला शोधत बसणार. अख्खी टेप वाया. ही चूक कानात सर्वांत आधी कुणाला खुपायची, तर आयडाबेल क्राउसला. ती रागवायची नाही. डोळे मिटायची आणि उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवायची. आमच्याकडे त्या खुणेचा अर्थ ठरलेला होता: पुन्हा. मग काचेपलीकडे बसलेला आमचा टेपवाला क्लिफ उसासा टाकून टेप मागे घ्यायचा.

ही गोष्ट त्या आयडाबेलची आहे.

ती नेब्रास्कातल्या कुठल्याशा मक्याच्या गावातून आली, दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी. शाळेत पाठांतराच्या स्पर्धेत पहिली आलेली, चर्चमध्ये नाताळच्या नाटकात देवदूत झालेली. तेवढ्या शिदोरीवर पोरी हॉलिवूडला यायच्या तेव्हा, बसच्या बस भरून. कॅमेऱ्यापुढे उभी करून तिची परीक्षा घेतली. कॅमेरावाला म्हणाला, "चेहरा छान आहे हो. फक्त नजर वळवली की आठवत नाही." हे तिच्या तोंडावर म्हणाला तो मेला! आणि ती हे सगळ्यांना हसत सांगायची, म्हणून मला अजूनच राग यायचा.

पण आवाज! आवाज म्हणावा तर तिचा. पाच वर्षांचं पोर, ऐंशी वर्षांची म्हातारी, दाराची करकर, भुकेलं कोकरू, काय म्हणाल ते. एका मोठ्या नटीला रडता येईना. नाव सांगणार नाही, तसं लिहून दिलंय आम्ही. डोळ्यांत ग्लिसरीन घालून अश्रू आणले, पण तोंडातून आवाज यायचा तो दारात अडकलेल्या मांजरीचा. शेवटी आयडाबेलला बोलावलं. पडद्यावर नटीने तोंड उघडायचं आणि अंधारात आयडाबेलने रडायचं. त्या रडण्याला बक्षीस मिळालं. नटीने देवाचे, आईचे आणि केस बांधणाऱ्या बाईचे आभार मानले. आम्ही दोघी माझ्या घरी टीव्हीपुढे बसलो होतो, मांडीवर ट्यूना मासा आणि शेवयांच्या ताटल्या घेऊन. आयडाबेल म्हणाली, "आता बाई खरं रडतेय बघ. आणि खरं रडतानासुद्धा सूर चुकतोय."

मी म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "मीठ कमी पडलंय."

गलक्याशिवाय तिच्याकडे एक कार्टूनचं काम होतं. शनिवारी सकाळी लागायचं ते, साळिंदराचं पिल्लू आणि त्याचा दोस्त अस्वल. पिल्लू म्हणजे आयडाबेल. लोकांना वाटतं आधी चित्रं काढतात आणि मग त्यांत आवाज भरतात. उलटं असतं. आधी आवाज, मग चित्रं. ती माईकपुढे जशी नाक उडवायची तसं त्या पिल्लाचं नाक उडायचं. ती खांदे पाडून उभी राहायची, तर पिल्लाचेही खांदे पडलेले. अख्ख्या अमेरिकेतली पोरं तिची नक्कल करत खांदे पाडून हिंडायची. आया ओरडायच्या.

तोंडातून चिकट आवाज येऊ नये म्हणून ती आंबट हिरव्या सफरचंदाच्या फोडी चघळायची. पर्सला कायम त्याचा वास. अंगठी नाही, बांगडी नाही, सळसळणारा परकर नाही, कारण माईकला सगळं ऐकू जातं. किंकाळ्या नेहमी कामाच्या शेवटी घ्यायच्या, कारण किंकाळ्यांनंतर घसा कशाच्याच कामाचा राहत नाही. आणि साळिंदराच्या पिल्लाला प्रत्येक भागात कड्यावरून पडायची हौस. पिल्लाचं काम शुक्रवारी असायचं, म्हणजे त्या दुपारनंतर आयडाबेल मुकी. बसस्टॉपवर मधाचं कोमट पाणी पीत बसलेली, रंग उडालेल्या निळ्या कोटात. बस आली की ड्रायव्हर विचारायचा, "कुठे, लेडी?" आणि ती बोटाने दाखवायची.

पण त्या कार्टूनच्या शेवटी नाव यायचं एकट्या अस्वलवाल्याचं. त्याचा करार तसा होता. इतर आवाजांची नावं नाहीत. आता गंमत बघा. एका नाताळात ती गावी गेली आणि शेजारच्या पोरांनी गराडा घातला, "ते साळिंदर तू आहेस ना? मग बोलून दाखव!" हिने बोलून दाखवलं. पोरं म्हणाली, "हट्! हा तो आवाजच नाही." खरंच नव्हता! कारण तिचा आवाज टेपवर घ्यायचे आणि मग टेप जोरात पळवून तो बारीक करायचे. जिवंत माणसाच्या तोंडून साळिंदर निघणारच कसं? पोरांनी शनिवारी शेवटची पाटी नीट वाचली. क्राउसांच्या मुलीचं नाव नाही. सगळ्या गावात बोभाटा, आयडाबेल थापा मारते. वडील तर ती कॅलिफोर्नियात कुठेतरी कॉफी वाढते असं धरूनच वारले. रडण्याच्या बक्षिसाचं सांगायची सोय नव्हती, त्याच्यावर सही केलेली.

एकसष्ट साली वसंतात तिचा भाऊ एमिल गेला. आईला सांभाळणारा तोच होता. आई पूर्ण आंधळी झालेली, काचबिंदू. चर्चवाल्यांनी तिकडेच नेब्रास्कात, लिंकन शहरात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात जागा ठरवली. पण म्हातारी अडून बसली. टेलिफोनवर आयडाबेलला म्हणाली, "तिथे कॅलिफोर्नियात तुझी माणसं असतील तर मी मुकाट्याने आश्रमात जाते. नसतील तर तू घरी यायचंस. मी मेल्यावर या जगात तुला ओळखणारं कोण आहे, तेवढं मला कळू दे."

"आहेत ममा, खूप माणसं आहेत."

"मी येऊन बघते," आंधळी बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुट्टीत आम्ही कॉफीच्या काउंटरवर बसलो होतो तेव्हा आयडाबेलने हे सगळं सांगितलं. तिला परत जायचं नव्हतं. का, ते मी तिला सरळ विचारलं. कारण आमचं इथलं आयुष्य तरी कुठे असं ऊतू चाललं होतं? भाड्याची खोली, सुजलेले पाय, धुराने चुरचुरणारे डोळे.

ती म्हणाली, "सकाळी तोंड धुताना मला आठवतं, आज मी कोण आहे. आज मी कोकरू आहे, आज मी कोर्टातली बाई आहे. तिकडे गेले की मी रोज फक्त आयडाबेल, लव्हॉन. दिवसच्या दिवस. मला ते जमायचं नाही."

मग तिने कॉफीचा कप फिरवत हळूच म्हटलं, "मला एक सत्कार हवाय."

आमचा सॉल फाइनगोल्ड, जुना रंगमंचावरचा विनोदी नट, दात अर्धे पडलेले. तो म्हणाला, "किती माणसांचा?"

"शंभर?"

"दीडशे घे. तेवढ्याच श्रमात होतात."

मला ते मुळीच पटलं नाही. मी म्हटलं, "लाज वाटते का काही? आंधळ्या म्हातारीला फसवायचं?"

"आपण इतकी वर्षं डोळसांना फसवतोय की," सॉल म्हणाला. "त्यांनी तर तिकिटं काढली होती."

ऑरिन टेट आमचा म्होरक्या, कामं तोच आणायचा. त्याने आयडाबेलकडे बराच वेळ बघितलं आणि खिशातून पेन्सिल काढून काउंटरवरच्या कागदी रुमालावर खोलीचा नकाशाच काढला. एकदा काम दिसलं की तो माणसात नसायचा. दुपारची जेवणाची सुट्टी घ्यायची, तेव्हा खोली रिकामी असते. आई मधोमध खुर्चीवर. आम्ही भोवती, दोघं जवळ, दोघं मध्ये, एक जण भिंतीशी तोंड करून, म्हणजे गर्दी लांबवर पसरलेली वाटते. सहावी आयडाबेल, ती आईजवळ. कुणीही हात मिळवायचा नाही. आवाज बदलता येतो, हात बदलता येत नाही. क्लिफ म्हणाला, "माझ्याकडे नाचाच्या हॉलमधल्या गर्दीची टेप आहे, ती मागून लावू का?" ऑरिनला ते एवढं झोंबलं! "जिवंत घसे असताना टेप?" म्हणाला. "उद्या म्हणशील, आमच्याऐवजी यंत्रंच उभी करू."

मीही शेवटी हो म्हटलं. मैत्रिणीसाठी माणूस काय काय करतं.

चर्चवाल्यांनी रेल्वेत बसवून दिलं आणि मिसेस क्राउस आल्या त्या काळी टोपी घालून, ताठ, उंच, कापराच्या वासाच्या. हात एवढे मोठे की आयडाबेलचं मनगट त्यात हरवलेलं. दारातून आत आल्या आणि थबकल्या. चिमटीने भिंत चाचपली.

"भिंतीला गोधड्या का लावल्यात गं?"

"आवाज घुमू नये म्हणून, ममा. मोठा हॉल आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे एवढ्या गोधड्या असत्या तर आम्ही माणसांना पांघरल्या असत्या."

सॉलला हसू आवरेना, तर ऑरिनने त्याच्याकडे असं बघितलं की तो चूप. मग ऑरिनने हात वर केला आणि आम्ही सुरू झालो.

आजवर शेकडो गर्द्या केल्या, पण त्या दिवसासारखी नाही. मी एकटीने चार बायका केल्या. एक नाकात बोलणारी, एक खिदळणारी, एक दमेकरी आणि एक जी सारखी कुणाला तरी "अय्या, खरंच?" म्हणते. सॉल दाराशी वेटर झाला, मध्ये टेक्सासचा बडा असामी झाला, आणि वळून येताना चिरक्या आवाजाची म्हातारी झाला. ऑरिन ग्लासांची किणकिण करत लांब जायचा आणि जवळ यायचा. उरलेली दोघं, आमचं नवराबायकोचं जोडपं, कोपऱ्यात एका अदृश्य टेबलाभोवती भांडत होती, आणि मला वाटतं ते भांडण खरंच होतं. आम्ही बूट काढून फिरत होतो. कपाळावरून घाम निथळत होता. एक शब्द कळत नव्हता आणि सगळी खोली माणसांनी भरली होती.

मिसेस क्राउसच्या तोंडावर हळूहळू लाली चढायला लागली. मान इकडून तिकडे वळत होती. आयडाबेल त्यांच्या कानाशी लागून सांगत होती, "ते तिकडे दिग्दर्शक मंडळी, ममा. त्या हसतायत ना, त्या नट्या." म्हातारीने टोपी नीट केली. नट्या बघतील म्हणून बिचारीने टोपी नीट केली हो! मला भरून आलं, पण मी खिदळणारी बाई चालू ठेवली.

मग सॉल मालक झाला. स्टुडिओच्या मालकाचा आवाज कसा असतो ते आम्हाला पाठ होतं, सिगारमधून आल्यासारखा. "मित्रहो," म्हणाला, "आज आपण जमलोय ते आपल्या या लाडक्या पोरीसाठी! हिच्याशिवाय हा स्टुडिओ मुका झाला असता. अशी गुणी पोर मी दुसरी पाहिली नाही. आपली ही पोर म्हणजे..." आणि असं बरंच. मालक लोक असंच बोलतात, सगळ्यांना पोरी, लाडके, राजा. टाळ्या झाल्या. टाळ्यांचंही तंत्र असतं, काही हात पोकळ धरून वाजवायचे, काही सपाट, म्हणजे दहा हातांच्या शंभर होतात. कुणीतरी शीळ घातली. हळूहळू आम्ही गलका उतरवत नेला, माणसं पांगतात तसा, आणि दाराशी सॉल वेटरने शेवटच्या पाहुण्याला निरोप दिला. आयडाबेलने माझ्याकडे बघितलं. तिला तसं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

"झालं?" मिसेस क्राउसनी विचारलं.

"झालं, ममा. गेले सगळे कामाला. किती माणसं होती, ऐकलंस ना?"

"ऐकलं की. देवाच्या दयेने कान शाबूत आहेत." मग त्यांनी आयडाबेलचा हात शोधून आपल्या दोन्ही हातांत घेतला. "पोरी, एवढी माणसं आली. एवढी हसली, बोलली, प्यायली. पण एकानेही तुझं नाव घेतलं नाही गं."

ऑरिनने हातातले ग्लास खाली ठेवले.

"तो भाषण करणारासुद्धा पोर पोर म्हणत राहिला. आमच्या चर्चला रविवारी वीस टाळकी जमतात. जेवण उरकेपर्यंत प्रत्येकाचं नाव हजारदा कानावर पडतं. अगं आयडाबेल इकडे ये, आयडाबेल बटाटे दे, आयडाबेलला विचारा. इथे कुणाला तुझं नाव माहीत नाही का?"

काय सांगू तुम्हाला! आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं. आयडाबेललाही नाही. गलक्यात नाव घ्यायचं नाही हे आमच्या हाडीमाशी इतकं मुरलेलं, की तिच्याच सत्कारात तिचं नाव घ्यावं हे पाच शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हटलं, "आयडाबेल! माहीत आहे ना आम्हाला, आयडाबेल!"

म्हाताऱ्या बाईंनी माझ्या दिशेला मान वळवली. "ही खिदळणारी ना?" त्या म्हणाल्या. "आणि दमेकरीसुद्धा हीच?"

आता लपवण्यात काय अर्थ होता? सॉलने टोपी काढली, आंधळ्या बाईपुढे टोपी काढली, आणि त्याच्या स्वतःच्या आवाजात म्हणाला, "आम्ही एकंदर सहाच आहोत, मिसेस क्राउस. तुमची मुलगी धरून."

"सहा?" त्या चकितच झाल्या. "मी शंभर तरी धरले होते!"

"दीडशे होते," सॉल पुटपुटला.

मला वाटलं आता आरडाओरडा होईल. झाला नाही. मिसेस क्राउसनी विचारलं, "हे तुम्ही रोज करता?"

"रोज," आयडाबेल म्हणाली. ती जमिनीवर आईच्या पायाशी बसली होती. "मी फसवलं तुला, ममा. माझी माणसं आहेत, पण एवढीच आहेत. आणि ते साळिंदर मीच आहे. त्या पोरांना मी थापा मारल्या नव्हत्या गं. टेप पळवतात म्हणून आवाज तसा येतो."

"मला ठाऊक आहे ते तूच आहेस."

"कसं?"

"मला काय आवाजावरून नाही कळलं. एमिल सांगायचा, ते पिल्लू खांदे पाडून उभं राहतं. म्हटलं, म्हणजे आमचीच." म्हातारीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा तेव्हाही पडलेलाच होता. "तू दमत नाहीस का गं?"

आयडाबेलने तोंड उघडलं. मला वाटलं, आता ही काहीतरी गमतीचं बोलेल, मीठ कमी पडलंय असं काहीतरी. ती म्हणाली, "दमले, ममा. फार दमले." आणि रडायला लागली. बक्षीस मिळवणारं ते रडणं मी ऐकलेलं होतं. हे तसं अजिबात नव्हतं. घोगरं, तुटक, नाक वाहणारं. त्या सूर चुकणाऱ्या नटीला मी मनातल्या मनात माफ केलं.

जेवणाची सुट्टी संपली. क्लिफ काचेपलीकडून घड्याळ दाखवत होता, आणि त्याचे स्वतःचे डोळेही लाल झाले होते. दुपारी आम्हाला जहाज बुडतानाची गर्दी करायची होती. आयडाबेलने नाक पुसलं, उठली आणि आईला खुर्चीसकट कोपऱ्यात नेऊन बसवलं. मग आम्ही जहाज बुडवलं. मिसेस क्राउस मांडीवर पर्स घट्ट धरून शेवटपर्यंत ऐकत बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, "कुणी वाचलं का?"

"हिरो आणि हिरॉईन," ऑरिन म्हणाला.

"आणि बाकीचे?"

ऑरिन खाली वाकून बूट घालायला लागला.

आईने तिला चल म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगते. उलट आश्रमात जायला त्या तयार झाल्या होत्या. पाच जण का होईना, माझ्या पोरीसाठी घामाघूम झाले, असं त्या मला स्वतः म्हणाल्या. पण आयडाबेलने एकदा दमले म्हटलं आणि तो शब्द काही तिला परत गिळता आला नाही. महिनाभर तिने आईला खोलीवर ठेवून घेतलं, मग साळिंदर सोडलं आणि आईबरोबर गावी परत जायचं ठरवलं. त्यांनी आठवड्याच्या आत दुसरी बाई आणली, टेप जरा जास्त पळवली आणि पोरांना फरकसुद्धा कळला नाही. मी मात्र दोनच शनिवार बघितलं आणि टीव्ही बंद केला. नवीन पिल्लाचे खांदे ताठ होते.

मी तिला शेवटी विचारलं होतं, "आणि रोज फक्त आयडाबेल व्हायला जमेल तुला?"

"करून बघते," ती म्हणाली. "नाहीच जमलं तर कोंबड्यांना कोकरू होऊन दाखवीन."

ती आणि आई रेल्वेने जाणार होत्या. आम्ही पाचही जण युनियन स्टेशनवर गेलो. सकाळची वेळ, फलाट माणसांनी भरलेला, खरा गलका, फुकटचा. सॉलने हिरव्या सफरचंदांची पिशवी आणली होती. आयडाबेलने तोच निळा कोट घातला होता, पण हातात चक्क बांगडी होती, आईची असावी, आणि ती वाजत होती. ऑरिन म्हणाला, "घसा सांभाळ." मी म्हटलं, "पोचल्यावर फोन कर." असलं काहीतरी. जन्मभर दुसऱ्यांसाठी बोललो आणि स्वतःची वेळ आली तर जिभेला टाळं.

गाडी हलली. त्या दोघी खिडकीत, म्हातारीचं तोंड बाहेर, नजर कुठेच नाही. आणि आम्ही पाच मूर्ख फलाटावर उभे राहून पुटपुटत होतो. खरंच सांगते, सवयीने गलका करत होतो! ओठ हलतायत, आवाज येतोय, शब्द एक नाही. मला एकदम स्वतःचीच चीड आली. फुप्फुसात होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि किंकाळ्यांसाठी राखून ठेवायचा तो आवाज काढून मी ओरडले, "आयडाबेल!"

फलाटावरची सगळी माणसं वळली. हमाल वळला, सैनिक वळले, एक बाई पोराला घेऊन जागीच थांबली. सगळे त्या खिडकीकडे बघायला लागले, ही आयडाबेल कोण म्हणून. मिसेस क्राउसनी मान उचलली.

आयडाबेलने डोळे मिटले. खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोट हवेत गोल फिरवलं.

मग आम्ही पाचही जण ओरडलो. गाडी फलाटाबाहेर जाईपर्यंत ते बोट फिरत होतं आणि आम्ही ओरडत होतो.